अफेक्शनचा मायना

भूम,
१२ नोव्हेंबर १९५७

प्रिय मार्तंडा,

स. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम. भाऊबीज करून चारुशीला तुळजापूरहून परत आली. माहेरी सगळे बरे आहेत म्हणते. जास्त बोलत नाही.

पत्रास कारण की, दफ्तरात एक अडचण आली आहे. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून वरून येणारा कागद इंग्रजीत येतो. माझी सारी उमर उर्दूत मिसली लिहिण्यात गेली. पेशकार होतो तेव्हा लोक माझ्याकडून कागद वाचून घ्यायचे. आता मी लोकांची तोंडं बघतो. तर एका कागदात ‘अफेक्शन’ असा लफ्ज आहे. त्याचा मायना काय, ते उलटटपाली कळव. तू हल्ली इंग्रजीचा अभ्यास करतोस असं ऐकलं.

दिवाळीच्या सुट्टीत तू तुळजापुरातच होतास ना? सहज विचारतो.

तुझा
वसंता


तुळजापूर,
१६ नोव्हेंबर १९५७

प्रिय वसंता,

स. न. वि. वि. तू मायना विचारलास. आमच्या पाठशाळेत मायना म्हणजे पत्राच्या डोक्यावर लिहितात ते. तुमच्या निजामी दफ्तरात मायना म्हणजे अर्थ. माझ्या वडिलांकडं तू तीन वर्षं शिकलास आणि मग उर्दूच्या शाळेत पळालास, तेव्हापासून आपण एकच शब्द दोन गावी नांदवतो आहोत.

सुट्टीत मी तुळजापुरातच होतो. जाणार कुठं?

आता तुझा शब्द. अफेक्शन म्हणजे प्रेम. कोशात पाहिलं, माया, स्नेह, ममता, अनुराग अशी रांग लावलेली आहे. इंग्रजांकडं शब्दांची टंचाई असावी, एकाच पोत्यात सगळं भरतात. आपल्याकडं आईचं ते वात्सल्य, मित्राचं ते सख्य, धाकट्याचं थोरल्यावर ती भक्ती. आणि बाई कंदिलाची काच पुसता पुसता आपल्याशीच हसते, तो अनुराग. तुझ्या कागदात यातलं कुठलं आहे, ते कागद पाहिल्याशिवाय देवीलाच ठाऊक.

पण वसंता, महसुलाच्या कागदात अफेक्शन आलं कुठून? सरकारचं रयतेवर प्रेम बसल्याची वार्ता आमच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. खरं सांग, तहसिलीत कुणाचं काय चाललंय? की पंचेचाळिसाव्या वर्षी तूच कुठं पाय घसरून बसलास?

माझ्या इंग्रजीचं म्हणशील, तर शाळेत मल्लिनाथ म्हणून नवे मास्तर आलेत, सोलापूरचे. वय सव्वीस, केसाला तेल कमी, पँटला इस्त्री जास्त. हेडमास्तर त्यांना खुर्ची देतात आणि मला नमस्कार देतात. ज्या वर्गात मी वीस वर्षं धातूंची रूपं घोकून घेतली, तिथून आता ‘कॅट’ आणि ‘रॅट’ ऐकू येतं. परवा आमची प्रेमलासुद्धा म्हणाली, “मल्लिनाथ मास्तर किती समजावून सांगतात हो.” हिला काय समजावून सांगितलं, हे मी विचारलं नाही. तुझा शब्द त्यांना विचारता आला असता. पण एका शब्दासाठी मी त्या इसमाच्या दारात उभा राहणार नाही. म्हणून कोश.

चारूला आशीर्वाद. लोभ आहेच, आता वाढवायला जागा उरली नाही.

तुझा
मार्तंड


भूम,
२१ नोव्हेंबर १९५७

प्रिय मार्तंड,

पत्र पोचलं. त्याच कागदात आणखी दोन लफ्ज आहेत. ‘लाँग स्टँडिंग’ आणि ‘मर्मर’. यांचेही मायने कळवावेत.

तुमच्याकडं यात्रेकरूंसाठी ती वही अजून छापतात का, ज्याच्या प्रत्येक पानावर ‘श्री भवानी प्रसन्न, उपाध्ये यांचे घरी उतरण्याची सोय’ असं असतं? इकडं कुणी विचारत होतं.

पाणी भरणाऱ्या जगदेवीला मी काढून टाकलं. बाया पाण्याच्या घागरीसोबत नको त्या गोष्टीही या घरातून त्या घरात वाहतात. आता घरचं माणूस बारवेवर जातं. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण घरचं काम घरच्यानं करावं.

माझ्या कुटुंबाचं नाव चारुशीला आहे.

वसंतराव


तुळजापूर,
२६ नोव्हेंबर १९५७

रा. रा. वसंतराव साहेब, पेशकार, दौलताबादचे किल्लेदार वगैरे यांस,

साष्टांग. मागच्या पत्रात मी ‘तू’ होतो, या पत्रात ‘तुमच्याकडं’ झालो. पुढच्या पत्रात ‘आपण’ होईन आणि त्यानंतर कैलासवासी. तहसीलदार बोलला की काय तुला? की जेवणात मीठ कमी पडलं?

वही अजून तीच आहे. तोच छापखाना, तीच देवी, आणि ‘सोय’मधला ‘य’ तसाच अर्धा उठतो.

आता शब्द. ‘लाँग स्टँडिंग’ म्हणजे फार वेळ उभं राहणं, असं आधी मला वाटलं. पण तसं नव्हे. फार दिवसांचं, मुरलेलं. लोणच्याला, भाऊबंदकीला आणि दम्याला लागू.

‘मर्मर’ पाहिलं आणि मी कोश मिटून हसत बसलो. अरे, हा आपलाच शब्द! संस्कृतात मर्मर म्हणजे वाळल्या पानांची सळसळ, रेशमी वस्त्राची सळसळ. साहेबाच्या कोशात कुजबुज, पुटपुट. म्हणजे तुझ्या कागदात मुरलेलं प्रेम आहे आणि रेशमी कुजबुज आहे. वसंता, हा कागद तहसिलीत कसा आला? तो तिथं सडेल. माझ्याकडं पाठव, मी त्यावर भाष्य लिहितो.

आणि चारूला चारू नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? परकरातली पोर होती तेव्हापासून आमच्या पाठशाळेच्या उंबऱ्यावर बसायची. मुलांनी चुकवलेला श्लोक बाहेरून बरोबर म्हणायची आणि मग पळून जायची. पळालीही फार नाही. चार पावलांवर उभी राहून छातीवर हात ठेवून दम खायची आणि आमच्याकडं बघून हसायची. ते हसू ज्यानं पाहिलं तो ते विसरणार नाही. म्हणून तर तुझं पहिलं घर मोडलं, तेव्हा मी स्वतः चालत भूमला येऊन हे स्थळ तुला सांगितलं. मित्राला द्यावं तर चांगलंच द्यावं.

जगदेवीला का काढलंस? तुळजापुरात असती तर मीच ठेवली असती. इतकं बोलणारी बाई फुकट मिळत नाही.

तुझाच (अजून)
मार्तंड


तुळजापूर,
११ डिसेंबर १९५७

प्रिय वसंता,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. आता कार्ड टाकतोय. कार्ड तुमचा पोस्टमन गोरोबा वाचेल आणि मोठ्यानं सांगेल, म्हणजे तू वाचलं नाहीस तरी ऐकशील. माझ्या थट्टेचा राग आला असेल तर थट्टा परत घेतो. एवढं एक दान मला परत घेता येतं.

प्रेमला दर दोन दिवसांनी विचारते, “चारुशीलाची तब्येत कशी आहे, काही लिहिलंय का?” मी म्हटलं, “तब्येतीला काय झालंय?” तर म्हणाली, “काही नाही,” आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. बायकांचं काही कळत नाही. एक ओळ तरी लिही.

मार्तंड


भूम,
१९ डिसेंबर १९५७

मार्तंडशास्त्री यांस,

तुम्हाला आता सगळं साफ लिहितो. दफ्तरात कुठलाही कागद आला नव्हता.

भाऊबीजेहून परत आल्यावर आठ दिवसांनी, थंडीचा मफलर शोधताना, माझ्या कुटुंबाच्या पेटीत लग्नातल्या शालूखाली हा कागद सापडला. कागद तुमच्या घरच्या वहीचा आहे. वर ‘श्री भवानी प्रसन्न’ आहे आणि अर्धा उठलेला ‘य’ आहे. खाली सही आहे ती कोंबडीच्या पायासारखी. मजकूर इंग्रजीत. एक एक अक्षर जुळवून इथं मराठीत उतरवतो:

‘डिअर एम., प्लीज सी हर सून. शी हॅज ॲन अफेक्शन ऑफ द हार्ट, ऑफ लाँग स्टँडिंग, प्रॉबेब्ली फ्रॉम गर्लहूड. सॉफ्ट मर्मर. हजबंड मस्ट बी टोल्ड.’

सोपे लफ्ज मी बाजारातल्या कोशातून काढले. कठीण तीन तुमच्याकडूनच घेतले, म्हणजे पुढं तुम्हाला नाही म्हणता येऊ नये. तर तर्जुमा असा होतो:

‘प्रिय एम., हिला लवकर भेट. हिच्या हृदयात प्रेम आहे, फार दिवसांचं, मुरलेलं, बहुधा मुलीपणापासूनचं. हळुवार कुजबुज. नवऱ्याला सांगितलं पाहिजे.’

एम. म्हणजे कोण, हे मी विचारत नाही. कागद कुणाच्या घरचा, हेही नाही. ‘सुट्टीत मी तुळजापुरातच होतो’, हे तुमच्याच हातचं आहे. मुलीपणापासून उंबऱ्यावर कोण बसत होतं, ते हसू कुणाला विसरता येत नाही, हेही तुमच्याच हातचं. मधे कुणी तिसरा आहे, त्यानं तुम्हाला हे लिहिलं आणि तुम्ही ते तिच्या हाती दिलंत. नवऱ्याला सांगितलं पाहिजे, एवढी तरी इमानदारी त्या तिसऱ्यात आहे. तुमच्यात तीही नव्हती.

मी तिला एका शब्दानं विचारलेलं नाही. विचारलं आणि तिनं व्हय म्हटलं तर मी काय करू? दीड महिना झाला, तिच्याशी बोलत नाही. ती ताट वाढते, मी जेवतो. हल्ली ती पाणी घेऊन येते तेव्हा दारात टेकून उभी राहते, हात छातीशी, डोळे मिटून. मी बघतो आणि मला वाटतं, आता ती कुणाला आठवते?

पहिली गेली तेव्हा हैदराबादच्या इस्पितळाच्या दारात मी तीन दिवस बसलो होतो. तेव्हा वाटलं होतं याहून वाईट काही नसतं. तुम्ही मला तिथून उठवून आणलंत. ते कशासाठी, आता समजलं.

माझ्या पत्राला उत्तर नको.

वसंतराव


तुळजापूर,
२२ डिसेंबर १९५७, दुपार

वसंता,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. मल्लिनाथ मास्तर स्वतः घेऊन दुपारच्या मोटारीनं निघालेत. तू उत्तर नको म्हणालास. पण आधी वाच, मग मला जन्मभर शिव्या दे.

अफेक्शन म्हणजे इथं प्रेम नव्हे. डॉक्टरांच्या इंग्रजीत अफेक्शन म्हणजे विकार. तो कागद एका डॉक्टरानं दुसऱ्या डॉक्टराला लिहिलेला आहे. ‘सी हर’ म्हणजे भेट नव्हे, तपास. ‘मर्मर’ हा काळजाच्या ठोक्यात येणारा चुकीचा आवाज, नळी लावल्यावर ऐकू येतो तो. नीट मराठी अशी: ‘हिला लवकर तपासा. हिला हृदयाचा जुना विकार आहे, बहुधा लहानपणापासूनचा. ठोक्यात हलका आवाज आहे. नवऱ्याला सांगितलंच पाहिजे.’

तिला आत्ताच्या आत्ता सोलापूरला ने. एम. म्हणजे तिथल्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर, नाव-पत्ता मल्लिनाथाजवळ आहे. आणि वसंता, बारवेवर तिला एक पाऊल पाठवू नको. घागर फोडून टाक.

एवढं वाचून उठ आणि काय करायचं ते कर. पुढचं मोटारीत वाच.

माझ्या घरात काय घडलं, ते मला आज सकाळी कळलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चारुशीला देवळाच्या पायऱ्या चढताना खाली बसली, तशीच कोसळली. बायांनी तिला उचलून जवळचं घर म्हणून आमच्याकडं आणलं. आमच्याकडं सोलापूरचे एक डॉक्टर सहकुटुंब दर्शनाला उतरले होते. त्यांनी तपासलं, समोरच्या वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली, आणि म्हणाले, “हे घेऊन आठ दिवसांत जा, आणि नवऱ्याला सांगा.” तिनं प्रेमलाला भवानीची शपथ घातली. म्हणाली, “वहिनी, इस्पितळाचं नाव काढलं तर त्यांचे हात कापतात. पहिलीच्या वेळचं अजून झोपेत बडबडतात. घरी जाऊन चार दिवस जाऊ द्या, मी हळू सांगीन.” ती हळू सांगणार होती आणि तू बोलेनासा झालास. मग कुणाला सांगणार?

मी घरात नव्हतो. सुट्टीत मी तुळजापुरात होतो, हे मी तुला खोटं लिहिलं. मी उस्मानाबादेस होतो, शाळाखात्याच्या इंग्रजीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, आणि शिकवायला फळ्यापाशी मल्लिनाथ होते. पंचेचाळीस वर्षांच्या शास्त्र्यानं सव्वीस वर्षांच्या पोरापुढं ‘धिस इज अ पेन’ म्हणायचं, ही गोष्ट मी मित्रापासून लपवली. मी खरं लिहिलं असतं, तर तुझा संशय तिथंच मोडला असता.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला जड जातं. तुझं पत्र काल आलं. तुझा तर्जुमा वाचून मी आधी संतापलो नाही. मी तो खरा मानला. प्रेमच असणार, असं मलाही वाटलं. मीच तर तुला तसं सांगितलं होतं. एम. मी नव्हे, हे मला ठाऊक होतं, कारण असलं पत्र मला जन्मात कुणी लिहिलेलं नाही. मग वसंता, मी जळलो. अर्धा दिवस. वीस वर्षांचा संसार, तुझ्या लग्नात अक्षता मीच वाटल्या, आणि मनात एकच प्रश्न: माझ्याशिवाय कोण? म्हणजे माझ्या मनात काय होतं ते तुझ्या आरोपाआधी मला ठाऊक नव्हतं आणि आरोप खोटा आहे, याचंच वाईट वाटलं म्हणून कळलं. हे तुला सांगतो, कारण तू मला चोर म्हणालास आणि मी चोर नाही. पण घराची भिंत मी एकदा हाताळून पाहिली होती.

जळणाऱ्या माणसाला तारखा दिसत नाहीत. एम. म्हणजे मल्लिनाथ, असं मी ठरवून टाकलं. तो जूनमध्ये गावात आला आणि चारुशीलाचं मुलीपण संपून पंधरा वर्षं झाली, हा हिशेब मला सुचला नाही. आज सकाळी तुझं पत्र घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. विचारायला नव्हे, भांडायला. म्हटलं, “मास्तर, हे तुमचंच ना?”

त्यांनी वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “शास्त्रीबुवा, पेशंट कुठाय?”

मी म्हटलं, “कसला पेशंट?”

“अहो, ही डॉक्टरची चिठ्ठी आहे. माझे थोरले बंधू डॉक्टर आहेत, अशा चिठ्ठ्या मी रोज पाहिल्यात. ही बाई आहे कुठं? जिने चढते का? वजन उचलते का?”

तेव्हा मला तुझ्या पत्रातली बारव आठवली. मागून प्रेमला रडत आली. तिनं माझ्या हातात तुझं पत्र पाहिलं होतं. पुढचं वर लिहिलंच आहे.

पाठशाळेत वडिलांनी तुला शिकवलं होतं: जेवायला बसलेला ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. शब्द एकच, प्रसंग पाहायचा. तू मला प्रसंग दाखवलाच नाहीस. एक एक शब्द वेगळ्या पाकिटातून पाठवलास, आणि मी शहाण्यासारखा प्रत्येक पाकिटात घोडा भरून परत केला. आपल्या मराठीत ‘विकार’ हा शब्द रोज वापरतो आपण. काम, क्रोध, मत्सर हेही विकार, आणि पोटाचा, काळजाचा तोही विकार. हे मला सुचायला हवं होतं. मी मर्मरवर खूश होऊन बसलो.

ने तिला. पोचल्याचं कळव.

मार्तंड


सोलापूर,
४ जानेवारी १९५८

प्रिय मार्तंडा,

ती आहे. आधी एवढंच लिहितो.

मल्लिनाथ मास्तर दिवेलागणीला आले तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो आणि ती बारवेवर गेली होती. तुझं पत्र मी ‘घागर फोडून टाक’पर्यंत वाचलं. आम्ही धावलो. घागर पाण्याच्या काठाशी होती. ती खालून तिसऱ्या पायरीवर बसलेली, तोंड पांढरं. मला पाहून म्हणाली, “येते हो, जरा बसले.” दीड महिन्यानं तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही माफी मागितल्यासारखं. मी तिला उचललं. ती इतकी हलकी झाली आहे, हे मला माहीत नव्हतं.

तहसीलदारांनी जीप दिली. इस्पितळाच्या दारात माझे हात कापले. पण मी आत गेलो. मास्तर माझ्या कोपराला धरून होते.

लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं काळजाचं दार बिघडलं, असं डॉक्टर सांगतात. श्रम करायचे नाहीत, जिने नाहीत, औषध नेमानं. दोन महिन्यांपूर्वी आणली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. उशीर का झाला, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चिठ्ठी वाचता आली नाही.

मार्तंडा, तुझ्या पत्रातलं ते जड जाणारं वाक्य मी मोटारीत नाही, परवा इथं वाचलं. राग आला नाही. त्या अर्ध्या दिवसानंतर तू भांडायला तरी दारातून बाहेर पडलास. मी दीड महिना ओसरीवर बसून राहिलो.

आता एक मागणं आहे. मी तिच्यावर काय संशय घेतला, हे तिला कळू देऊ नको. ती समजते, भाऊबीजेला ती जास्त दिवस राहिली म्हणून मी रागावलो होतो. तेच राहू दे. प्रेमलावहिनींनाही सांग. तिच्या काळजाला धक्का नको, असं डॉक्टर म्हणतात.

तुझा
वसंता


तुळजापूर,
८ जानेवारी १९५८

प्रिय वसंता,

ती आहे, हे वाचून प्रेमलानं देवीला साडी नेसवली आणि मी मल्लिनाथ मास्तरांना जेवायला बोलावलं. दोन्ही नवस मला सारखेच जड होते. मास्तरांना पुरणपोळी आवडते आणि संस्कृत अजिबात येत नाही. दर बुधवारी शिकवणार आहे. ते मला इंग्रजी शिकवतील. सूड दोन्हीकडून बरोबर होईल.

तुझं मागणं मी मान्य करणार नाही. तिला सांगायचं नाही, हे तू तिच्या काळजासाठी म्हणतोस की तुझ्या? तिनं तुझं काळीज सांभाळायला चिठ्ठी लपवली आणि काय झालं ते तू उचलून आणलंस. आता तू लपवणार. मग ती काही शोधेल, तिलाही कुठं पेटी सापडेल. मी सांगणार नाही, प्रेमलाही नाही. तू सांग. दवाखान्यातच सांग, धक्का बसला तर डॉक्टर जवळ आहेत.

मार्तंड


तुळजापूर,
२ फेब्रुवारी १९५८

ती. स्वरूप यांस,

कृ. सा. न. वि. वि. दवाखान्यातून आईकडं येऊन आठ दिवस झाले. औषध घेते. दुपारी ओसरीवर बसते. काल घरातल्या घरात देवापर्यंत चालले, दम लागला नाही.

मार्तंडदादांकडं तुमची दोन पत्रं आली. ‘ती कशी आहे, काय खाते, माझ्याबद्दल काय बोलते,’ असं त्यांना विचारलंत. दादा म्हणाले, “मी मधे कोश म्हणून बसणार नाही, माझे अर्थ चुकतात.” म्हणून मीच लिहिते.

तुम्ही दवाखान्यात खाटेशेजारी बसून सगळं सांगितलंत. मी म्हटलं, तुम्ही केलेली मराठी मला वाचून दाखवा. तुम्ही खालमानेनं वाचलंत. फार दिवसांचं, मुरलेलं, हळुवार कुजबुज. मी भिंतीकडं तोंड फिरवलं, तेव्हा तुम्हाला वाटलं, मी रागानं फिरवलं. तसं नव्हतं. मला वाटलं, माझ्याबद्दल जन्मात कुणी इतकं गोड वाचलं नव्हतं, आणि वाचलं ते माझ्याच माणसानं, दुसऱ्या कुणाच्या नावानं.

राग आहे. तो नंतर आला, इथं आल्यावर. दीड महिना मी ताट वाढताना रोज ठरवायची, आज विचारीन माझं काय चुकलं. रोज तुम्ही जेवून उठायचात. पायऱ्यांवर मी मोजत होते, बारा, तेरा, आणि तुम्ही ओसरीवर बसून होतात. तुम्ही बघताय म्हणून मी दारात टेकून उभी राहायची, वाटायचं आता तरी म्हणाल, राहू दे. डोळे मिटून मी कुणालाच आठवत नव्हते. मी श्वास घेत होते.

डॉक्टर सहा महिने आईकडं राहा म्हणाले, ते मला बरं वाटलं. भूमला यायचं की नाही, हे मी आज लिहीत नाही. मला अजून माहीत नाही. माहीत नसताना लिहिलं तर तुम्ही त्याचा काहीतरी अर्थ काढाल.

दादांना आता पत्र घालू नका. मलाही नको. या पत्रालासुद्धा उत्तर पाठवू नका. रविवारी मोटार आहे. यायचं असेल तर या, समोर बसा, आणि जे विचारायचं ते तोंडानं विचारा. मी तोंडानं सांगीन. सांगताना मधे थांबले तर समजू नका की काही लपवते. मला मधे मधे थांबावं लागतं.

चारुशीला